पालीच्या चढावर काटा

मार्गासनीतले माझे शेजारी त्यांच्या जुन्या गाडीशी फार अदबीनं बोलतात. चढ आला की, "या, दमानं या," अशी विनवणी सुरू होते. बायकोशी ते इतक्या गोडीनं बोलल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

इंजिनाच्या दोन भागांमध्ये पापडासारखं पातळ गॅस्केट असतं आणि ते गेलं की इंजिन तापतं, ही विद्या त्यांनी गावभर वाटली. त्यांना मात्र ती महागात पडली. पहिल्या गॅस्केटला शेळ्या गेल्या, दुसऱ्याला म्हैस.

"आता गोठ्यात इकायला मीच उरलेय," वहिनी म्हणाल्या. "परत तापली तर गाडी भंगारात."

म्हणून दुरुस्तीनंतर परीक्षेला आम्ही पालीचा चढ धरला. पाण्याचा कॅन वहिनींच्या मांडीवर होता. इंजिनाची धग कमी व्हावी म्हणून भर उन्हात हीटर लावलेला.

"काटा तुमी बघा, मास्तर. माझ्यानं बघवत न्हाई," शेजारी मला म्हणाले.

इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा निम्म्यावर होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काटा किंचित हलला तशी वहिनींनी कॅनचं झाकण उघडलं. काटा पुन्हा निम्म्यावर आला, चढ संपला आणि राजगड समोर उभा राहिला.

"निम्म्यावरच," मी जवळजवळ ओरडलोच.

गाडी थांबवून शेजारी उतरले, बॉनेटवरून हात फिरवला, कॅन घेऊन अर्धं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. उरलेलं घामानं निथळणाऱ्या वहिनींपुढं धरलं.

"घ्या, दमानं प्या."

वहिनींनी पाण्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी ऊन लागलं का वो?"