टाकी भरून दिली

मित्रांनो, आज सकाळी धाकट्या भावाची लाल स्पोर्ट्स कार विकली. अमोलला जाऊन अजून वर्षही झालं नाही.

गाडी घेणारा लासूर स्टेशनहून येणार होता. आई म्हणाली, "रिकामी देऊ नको रे. शेजाऱ्याचं भांडं तरी आपण कधी रिकामं परत दिलंय का?" म्हणून पंपावर गेलो.

पंपावरच्यानं विचारलं, "प्रीमियम टाकू की साधं?"

याच प्रश्नावरून आम्ही दोघं भाऊ तावातावानं भांडायचो. मी म्हणायचो, साध्यावरही पळते. तो म्हणायचा, "दादा, कंपनीनं झाकणावर लिहून दिलंय. उगं इंजिनाचे हाल कशाला?"

आज भांडायला कुणी नव्हतं. म्हणालो, "प्रीमियम. फुल कर."

घेणारा आला, त्यालाही प्रीमियमच टाकायचं बजावलं. तो हसला, "एवढं महागाचं कोण टाकतंय भाऊ? साध्यावर बी लई पळंल."

अगदी माझंच वाक्य. अमोलचं उत्तर मला पाठ होतं, पण मी किल्ली त्याच्या हातात दिली.

गाडी दिसेनाशी झाली तरी आई फाटकातच उभी होती. म्हणाली, "अमोलचंच पेट्रोल टाकलंस ना?"

ती टाकी संपेपर्यंत तरी गाडी अमोलचीच, असं मी धरून चाललोय. चुकतंय का हो माझं?