धुंडा परत का आला

सांगोल्याकडची मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात संपली, तशी मायाक्का नवऱ्यामागं सोलापुरात आली आणि बिडी कारखान्यात बसली. वर्षाच्या आत नवरा खडीच्या खाणीत दरड अंगावर येऊन गेला. खाणीचा मुकादम म्हणाला, "त्याची वेळ भरली होती." ते बोलणं तिच्या डोक्यात जे घुसलं ते निघालंच नाही. तेव्हापासून ती कुणाशी सरळ बोलत नसे.

गोष्ट सांगताना मात्र तिची जीभ सैल सुटायची. मांडीवर सूप, बोटांत तेंदूपान आणि तोंडी धुंडा जादूगार. धुंडा डोंगर हलवायचा, आटलेल्या विहिरी भरायचा. ओळीतल्या बाया बिड्या वळत ऐकायच्या.

एका दुपारी तपासनीस पंचाक्षरी येऊन म्हणाला, "गोष्टीनं हात मंदावतात तुमचे. आजपासून बंद."

मायाक्कानं मान वर केली नाही. "राजानं धुंडाला जाळला. मेला. झाली गोष्ट," तिनं बायांना सांगितलं.

बाया हिरमुसल्या. शेजारची म्हातारी गंगम्मा तर रोज मागं लागली, "उठव की गं त्याला."

"मेलेलं मानूस उठतंय व्हय?" मायाक्का खेकसली. "माजं कुटं उठलं?"

गंगम्मानं कात्री उचलून पान कापायला घेतलं.

त्याच शनिवारी पंचाक्षरीनं गंगम्माच्या सगळ्या बिड्या छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला लोटल्या. छाटीची मजुरी मिळत नाही, पण तो मालही कारखाना गुपचूप विकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गंगम्मा हात जोडत राहिली.

"म्हातारे, तुझी वेळ भरली आता," पंचाक्षरी म्हणाला. "घरी बस."

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप आपटून ती दारात आडवी उभी राहिली.

"गंगम्मे, ऐक. धुंडा परत आला. पयल्यापरास लई जोरानं आला. का, ते इचार."

मागून कुणीतरी विचारलं, "का गं?"

"जित्ता हुता तवर निम्मी ताकद सवताचा जीव जपण्यात जायाची. राजाला भ्यायचा, आगीला भ्यायचा. आता भ्यायला काय उरलंच न्हाय. समदी ताकद मोकळी झाली. राजा त्येला आनी कशाचं भ्या दाखवणार?" मग ती पंचाक्षरीकडं वळली. "घे त्या बिड्या आत."

एकेक करत बायांच्या कात्र्या खाली आल्या. पंचाक्षरीनं ओळीवरून नजर फिरवली. एकही हात हलत नव्हता. त्यानं ढीग पुढं ओढला आणि बिड्या मोजायला घेतल्या.

सोमवारी मायाक्काला फाटकातच अडवलं. गंगम्माला घेतलं, ती खाली मान घालून आत गेली. मायाक्काला तिचा संताप आला. म्हातारीला दुसरं कोण होतं, हे आठवल्यावर त्या संतापाचाही संताप आला. तशीच धुमसत ती सात रस्ता चौकापर्यंत चालत गेली.

पुढं तिला दुसऱ्या कारखान्यात जागा मिळाली. पहिल्याच दिवशी तिथल्या तपासनिसानं कुण्या पोरीच्या बिड्या लोटल्या, आणि मायाक्का सूप खाली ठेवून उठली.