एका संध्याकाळच्या दोन सुपाऱ्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे कुणी ही वही उघडली तर चुकांबद्दल आधीच माफ करा. आमच्या भजनी मंडळात दोन मुली नव्या आल्या आहेत, गळा गोड आहे, आणि आता त्यांना स्वतःचं मंडळ काढायचं आहे. त्यांना चार गोष्टी सांगाव्यात असं मला फार वाटतं. पण समोर बसून सांगायचं म्हटलं की माझा आवाजच निघत नाही. पेटीपुढे बसले की निघतो, एरवी नाही. म्हणून लिहिते.

आम्ही अकरा बायका, जोगेश्वरीच्या एकाच चाळीतल्या. मी पेटी वाजवते आणि गाते, म्हणून मला बुवा म्हणतात. शेजारीण पखवाज वाजवते. तिच्या हाताला जेवढा जोर तेवढाच तोंडाला. पहिली दोन वर्षं आम्ही कुणालाही पैसे सांगितले नाहीत. भजनाचे पैसे कसे मागायचे, असं मला वाटायचं. एका पूजेला आम्हाला अकरा ब्लाऊजपीस मिळाले आणि रिक्षाचं भाडं आम्हीच भरलं. परत येताना शेजारीण म्हणाली, "बुवा, आता पखवाजाला ब्लाऊज शिवते, चोळीच्या मापाचा."

मग दिंडोशीच्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. गणपतीच्या पाचव्या दिवशी, दुपारी चार ते सहा. सेक्रेटरींनी पाच हजारांची सुपारी हातात ठेवली. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. पण ही नुसती आगाऊ रक्कम आहे की हेच सगळे पैसे, ते मी विचारलं नाही. लाज वाटली.

आठवड्याने मुलुंडहून आमच्या गावचे एक गृहस्थ घरी आले. नात्याने दीर लागतात. त्यांच्या मंडळाचाही गणपती, तीच संध्याकाळ, सात वाजता. मी काही बोलायच्या आत त्यांनी नारळ, सुपारी आणि सात हजार रुपये माझ्या देव्हाऱ्यात ठेवले. "वयनी, नाय म्हणा नकात. आमका तुम्हीच होये."

देवापुढे ठेवलेला नारळ परत करत नाहीत. निदान माझ्या सासूने मला तसंच शिकवलं होतं. मी मनात म्हटलं, सहाला दिंडोशी सुटेल, आरेतून पवई, तिथून मुलुंड, जमेल. आणि दुसरी सुपारी त्याच दिवसाची आहे हे मंडळातल्या कुणालाही सांगितलं नाही. बाराच्या बारा हजारांची जुनी पण चांगल्या सुराची पेटी घेतली. बायका खूष झाल्या. शेजारणीला शेवटच्या आठवड्यात सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, देवळात तास तास सूर लावतेस तेव्हा लाज वाटत नाही, आणि नाही म्हणायलाच कशी वाटते गं तुला?"

त्या दिवशी दिंडोशीला पाहुणे दीड तास उशिरा आले. साडेपाचला आम्ही बसलो, साडेसातला उठलो. शाल आणि श्रीफळ मिळालं, वर एक रुपया नाही. पाच हजार म्हणजेच सगळं होतं. टेम्पोत बसलो तर पाच दिवसांच्या गणपतींच्या मिरवणुका सगळीकडे. आरेच्या रस्त्यावर टेम्पो हलेना. साडेआठला मी मुलुंडला फोन लावला. पलीकडून स्पीकरवर लावलेल्या रेकॉर्डचा आवाज येत होता.

"भावोजी, आम्ही अजून आरेतच आहोत."

ते म्हणाले, "ह्यां काय बरां झाला नाय, वयनी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना बोलावून मी खरं ते सांगितलं. आमच्या गावच्या माणसांत बातमी लोकलपेक्षा जोरात धावते. सुपारी खाऊन आल्या नाहीत असं एकदा पसरलं की मंडळ संपलं, आणि त्यात माझ्यामुळे दहा बायकांचं नाव गेलं असतं. एक म्हणाली, पेटी विकू आणि मुलुंडचे सात हजार परत करू. मी मान खाली घालून हो म्हटलं. शेजारीण उसळली, "पेटी विकून काय टाळ्या वाजवत गाणार? पैसे गाऊनच फेडायचे. पण आता दर बुवा सांगणार, तोंडाने."

पुढच्या पूजेसाठी फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारी उभी राहून बरगडीत बोट खुपसत होती. मी म्हटलं, "साडेतीन हजार. टेम्पोचं भाडं वेगळं." पलीकडची बाई म्हणाली, "चालेल ना ताई, किती वाजता येताय?" बस, एवढंच! दोन वर्षं मी ज्या शब्दाला भीत होते तो असा दोन सेकंदांत होऊन गेला. आम्ही दोघी खाटेवर बसून हसत सुटलो.

त्यानंतर वहीत तारीख बघितल्याशिवाय मी नारळाला हात लावत नाही. घाटकोपरच्या एका डोहाळजेवणाला नाही म्हटलं, कारण तारीख दिलेली होती. त्या बाईंनी दुसरी तारीख मागितली. रागावल्या नाहीत. उलट मान दिला.

मुलींनो, तुमचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे. मला जे शिकायला इतकी वर्षं लागली ते गळ्यातलं नव्हतं.

प्रत्येक कार्यक्रमातले अर्धे पैसे बाजूला ठेवले. दिवाळीआधी मुलुंडला तीन हजार दिले, मार्गशीर्षात दोन. भावोजी घेईनात. "पैशांचा काय घेवन बसलात?" शेवटचे दोन हजार द्यायला शेजारणीला घेऊन मी मुलुंडला गेले. त्यांच्या बायकोने चहा केला, पण मी कपाला हात लावला नाही. म्हटलं, आधी मोजा. माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी चष्मा लावला आणि चारही नोटा एकेक करून मोजल्या.

"पावले वयनी. सातच्या सात पावले."