नवाचा सहा

टँकरचा पाइप नालीत सोडला आणि पाणी मोठ्या नाल्याकडे जायचं सोडून वस्तीकडे परत यायला लागलं.

नागपुरात सक्करदऱ्याच्या पलीकडची ती वस्ती. दोनशे मीटर नाली, नुकतीच बांधून झालेली. कंत्राटदार माझ्याकडे बघत होता, मी पाण्याकडे. दारात उभी असलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाय वं, सरकारचं पाणी मांगं येऊन राह्यलं." चारजण हसले. पावसाळ्यात याच नालीने त्यांच्या घरात पाणी शिरणार होतं, हे त्यांच्या लक्षात यायचं होतं. माझ्या आलं होतं.

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार, वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सरकारी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर होऊन सहा महिने झाले होते. माझे वडील त्याच खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक फोन केला होता. मी शेजारच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू आलं. ऑफिसात माझं नाव 'साहेबांचा मुलगा' असंच पडलं.

माझ्या हाताखाली मेश्राम नावाचा सर्व्हेअर होता. माझ्याच वयाचा. वडील गिरणीत कामाला, छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेलं घर. नोकरी करता करता त्याने डिप्लोमा पुरा केला होता आणि महिन्याभरात ज्युनियर इंजिनियरच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती. जागा राखीव होती. त्यामुळे मेश्राम 'कोट्यातला' आहे हे चहाच्या टपरीवर रोज कोणी ना कोणी बोलायचं. माझ्या फोनबद्दल कोणी बोलायचं नाही.

आता थोडं कामाबद्दल. जमिनीचा चढउतार मोजायला डम्पी लेव्हल नावाची दुर्बीण असते. समोर खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस, दर दहा सेंटिमीटरला आकडा असलेली उंच पट्टी उभी धरतो, आपण दुर्बिणीतून आकडा वाचायचा. गंमत अशी की त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. खलाशी डोक्यावर उभा आणि पट्टीवरचा इंग्रजी नऊ दिसतो सहासारखा. सवय झाली की डोळा आपोआप सुलट करून घेतो. शेवटी, जिथून सुरुवात केली त्याच खुणेवर परत यायचं. आकडे जुळले तर काम बरोबर. याला क्लोजिंग म्हणतात.

त्या नालीची लेव्हल मी मेश्रामला न घेता केली. त्याला ऑफिसात नकाशे ट्रेस करायला बसवलं आणि दोन खलाशी घेऊन एकटा गेलो. क्लोजिंग तीस सेंटिमीटरने चुकलं. पुन्हा सगळं मोजायला हवं होतं. तसं केलं असतं तर खलाशांनी ऑफिसात जाऊन सांगितलं असतं. मी रबर घेतलं, लेव्हल बुकातला, म्हणजे मोजणीच्या वहीतला, शेवटचा एक आकडा खोडला आणि जुळेल असा लिहिला.

पाणी उलटं आलं त्या दुपारी माझे वरिष्ठ असलेल्या डेप्युटी इंजिनियर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते एके काळी माझ्या वडिलांच्या हाताखाली होते. म्हणाले, सही तुझी असली तरी रीडिंग मेश्रामच घेतो ना? मग म्हणाले, कोट्यातली माणसं घेतली की हे होणारच.

मी होकारार्थी मान हलवली. रीडिंग एरवी मेश्रामच घ्यायचा, हे खरं होतं. त्या दिवशी कोणी घेतलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत मेश्रामच्या नावे निष्काळजीपणाचा मेमो टाइप झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्राम लेव्हल बुक घेऊन माझ्या टेबलाशी आला. एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता.

"तीस सेंटिमीटर," तो म्हणाला. "नवाचा सहा वाचला, साहेब. मले बी लय दिवस लागले होते ते डोळ्यात बसाले."

मोजणीच्या दिवशी आपण ऑफिसात होतो हे हजेरीवरून सिद्ध करता येईल, पण मग चौकशी बसेल, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला मुलाखतीला कोण बोलावतं, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "त्या दिवशी मले काहून नाही नेलं?"

"मला येतं, हे दाखवायचं होतं."

"कोणाले?"

मी त्याच्या हातून बुक घेऊन मिटलं. तो थोडा हसला. "मले बी रोज तेच दाखवा लागते, साहेब. पण मले रबर चालत नाही."

मी उठून डेप्युटी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, नवा आहेस, होतं असं. मेश्रामचा मेमो मागे घेऊ. खलाशाने पट्टी तिरकी धरली असं लिहून टाकू, तुझ्या वडिलांना यातलं काही कळायला नको.

माझ्या चुकीलासुद्धा वशिला आहे, हे मला तेव्हा कळलं.

लेव्हल बुकाचा एक नियम आहे. त्यातला चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही करायची. पानांवर छापील नंबर असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. मी त्यांच्याच टेबलावर बुक उघडलं, माझ्या खोट्या आकड्यावर रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात शाईने लिहिलं, 'वाचन माझे. चूक लपवण्यासाठी हा आकडा मी बदलला.' खाली पूर्ण नाव.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "आता मी काय करू शकतो?"

"काहीच नाही, सर," मी म्हणालो. बरं वाटलं.

माझं कन्फर्मेशन एक वर्ष पुढे गेलं. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मेश्राम मुलाखतीत निवडला गेला. नव्या जागी रुजू होण्याआधी तो पंधरा दिवस रोज सकाळी सातला माझ्याबरोबर साइटवर आला. मी वाचायचो, तो मागे उभा राहून म्हणायचा, "पुन्हा पाहा." नालीचं शेवटपर्यंत पुन्हा मोजमाप झालं. क्लोजिंग चार मिलिमीटरवर आलं, एवढी चूक नियमात चालते. उतार चुकलेला भाग फोडून पुन्हा बांधला. पावसाळ्यात त्या वस्तीत पाणी शिरलं नाही.

मेश्राम आता एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आहे, माझ्या एक पायरी वर. आमची मैत्री टिकली. एक गोष्ट मात्र मी त्याला कधी सांगितली नाही. त्याला वाटतं, साहेबांनी त्याचं नाव माझ्या पाठीमागे घेतलं. ते माझ्यासमोर घेतलं होतं, कोट्याचं वाक्यही माझ्यासमोर उच्चारलं होतं, आणि मी मान हलवली होती. हे छापून यायच्या आधी त्याला वाचायला देणार आहे. तो काय म्हणेल माहीत नाही. बहुधा एखादा शब्द दुरुस्त करायला सांगेल.

वशिल्याने मिळालेलं यश कमी मोलाचं असतं का, असं मला माझ्या मुलीने परवा विचारलं. नोकरी वडिलांची होती, असं मी तिला सांगितलं. ते चार मिलिमीटर माझे. त्यातलेही निम्मे मेश्रामचे.