कटआउटमधली तार

"मन्हा आधी कोनी हात लाया का?"

बॉनेट उघडण्याआधी मिस्तरी हे विचारायचेच. शेठ चिडवायचे, "मिस्तरी, गाडी शे का नवरी?" मिस्तरी हसायचे, पण उत्तर मिळेपर्यंत पाना उचलायचे नाहीत. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. यंत्रापेक्षा माणसाच्या उत्तरावर त्यांचा जास्त विश्वास.

तेव्हा मी नंदुरबारला शेठजींची मोटार चालवत होतो. एकदा चार्जिंगचा काटा शून्यावरून हलेना. मिस्तरी बाहेरगावी, आणि बिघाड माझ्यामुळे झाला असं शेठना वाटेल याची मला भीती. मी कटआउट उघडला. डायनामो आणि बॅटरी यांच्यामधलं ते विजेचं दारच असतं. इंजिन चालू असलं की उघडायचं, थांबलं की आपोआप लागायचं, म्हणजे बॅटरीतली वीज उलटी डायनामोत जात नाही. मी ते तांब्याच्या तारेने कायमचं उघडं बांधलं. काटा चढला. गाडी थांबवली की तार काढायची, एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

एके दुपारी विसरलो. तासाभराने आठवण होऊन तार काढली, तोवर बॅटरी उतरली होती. तेवढ्यात मिस्तरी आले. डायनामोवर हात ठेवून चमकले.

"बंद गाडीना डायनामो गरम कसा शे? भाऊ, तू हात लाया नही ना?"

"नाही, मिस्तरी."

त्यांनी मान डोलावली. दोन दिवस डायनामो खोलून बसले, कार्बन बदलले, आपलीच जुनी कामं तपासत राहिले. कटआउट त्यांनी उघडला नाही, कारण मी नाही म्हणालो होतो. मग बॅटरी भरून आणली आणि म्हणाले, चल, रस्त्यावर देखू.

काटा चढला नाही तर ते कटआउट उघडतील आणि तार बांधताना मी वाकवलेल्या आतल्या पट्ट्या दिसतील, म्हणून निघण्याआधी मी तार पुन्हा बांधली.

कोरीटच्या रस्त्यावर ते लहान मुलासारखे खूश झाले. "देख भाऊ, काटा कसा चढी ऱ्हायना!"

इतक्यात बैल आडवे आले. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. भरलेल्या बॅटरीची वीज उलटी फिरली, काटा उलटा कोसळला. वायरींवरचं जुनं सुती वेष्टन धुमसू लागलं, अगदी आमच्या गुडघ्यांसमोर. त्या गाडीत पेट्रोलची टाकी तिथेच, पत्र्यापलीकडे.

"पय भाऊ, पय! आठे पेट्रोल शे!"

खरं सांगतो, ते पळ म्हणून ओरडले तेव्हा मी शेतात पोचलोही होतो. मिस्तरी आतच राहिले. पायाखालची फळी उचलून त्यांनी बॅटरीची तापलेली वायर उघड्या हाताने ओढून काढली.

ते बांधावर बसून हात ओल्या मातीत खुपसून कण्हत होते. आणि मी? मी आधी गाडीकडे धावलो. तार काढली आणि कपाशीत फेकली.

"डायनामो मीच खोला व्हता, शेठ," परतल्यावर शेठनी विचारलं तेव्हा मिस्तरी म्हणाले, "चूक मन्हीच."

त्यांची बोटं पुन्हा मिटली नाहीत. लोक गाड्या देईनासे झाले. ते मेव्हण्याकडे सुरतेला निघाले, तेव्हा सगळं सांगायचं ठरवून मी स्टेशनवर गेलो. हत्यारांची पेटी खिडकीतून आत दिली. तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं,

"भाऊ, त्या दिन तुले काही लागनं तं नही ना?"

"नाही, मिस्तरी."

गाडी हलली. कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी पट्टी बांधलेला हात छातीशी धरला होता. दुसरा हात खिडकीबाहेर काढून ते मला मागे सरक, मागे सरक असं खुणावत राहिले.