ड्रायव्हरच्या टेबलावर सगळं चालतं

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जो राहतो त्याला सगळे ‘ड्रायव्हर’ म्हणतात. गाडी त्याला येत नाही. सायकलवरूनही पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तोंडाने गावभर केलंय. नाव पडलं ते लॅपटॉपमुळे. जिन्यात कुणी नुसतं ‘काय, बरं ना?’ विचारलं तरी हा सुरू. ‘कसलं बरं, वायफायच्या ड्रायव्हरच्या मागे लागलोय!’ लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक चिप असते आणि तिला कामाला लावणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, हे त्याने मला इतक्यांदा समजावलंय की आता मीही चारचौघांत फुशारकीने सांगते. तो प्रोग्राम रुसला की इंटरनेट गेलं.

पोटापाण्यासाठी हा माणूस वजनकाटे दुरुस्त करतो आणि त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याचं एक आवडतं भाषण आहे. ‘मावशी, वर्कशॉपमध्ये आणलेला काटा हमखास बरोबर निघतो. बिघाड शोधायचा तर दुकानदाराच्या फळीवर जायचं. फळी तिरकी असते, वर पंखा असतो, शेजारी फ्रीज थरथरत असतो. काटा जिथे राबतो तिथेच तपासायचा!’ बोलताना छाती अशी फुगते की शर्टाचं बटण तुटेल. हे शहाणपण मात्र तो घरी येताना चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा.

आता त्याच्या बायकोबद्दल. हसतमुख बाई, चांगली ऑफिसात जायची. सासू अंथरुणाला खिळली आणि नवरा म्हणाला, ‘घरात कुणीतरी हवं ना?’ ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. तिने ऑफिस सोडलं आणि घरून करायचं काम शोधलं. एका विमा कंपनीला लोकांचे फोन येतात, ते लॅपटॉपवरून घ्यायचे. कानाला हेडफोन, समोर सासूचा पलंग. ‘मावशी, एवढंच माझं आहे बघा,’ मला म्हणाली होती. पगारापेक्षाही दिवसभरात कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारतं, याचंच तिला कौतुक.

लॅपटॉप जुना, चालायला जड. नवऱ्याने हौसेने त्यावरची जुनी सिस्टिम पुसली आणि लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम टाकली. खोटं कशाला बोलू, लॅपटॉप पळायला लागला. हा आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडला. फक्त एक झालं. वायफाय मधूनच तुटायचं. समोरचा माणूस बोलतोय बोलतोय आणि फोन बंद.

‘अहो, परत गेलं.’

‘आण इकडे.’

हॉलमध्ये त्याचं टेबल. लॅपटॉप तिथे ठेवायचा, चार्जरची पिन खोचायची, स्क्रीनवर काळी खिडकी उघडून पांढरी अक्षरं पळवायची. तासभर बघायचं. एकदाही तुटायचं नाही.

‘माझ्याकडे तर चालतंय. तू काय करतेस नेमकं?’

‘मी काय करणार? फोन ऐकते.’

‘मग काहीतरी दाबत असशील.’

त्या माणसाने काय केलं नाही ते विचारा. राउटर कपाटावर चढवला, तिथून खाली आणला. भिंतीला दोष दिला. माझ्या मायक्रोवेव्हला दोष दिला. जेवण थंड खाऊन मी त्याची परीक्षा दिली, तरी तुटायचं ते तुटलंच. मग ड्रायव्हर बदलायला घेतला. नवा टाकला, जुना टाकला, कुठल्यातरी परक्या माणसाने लिहिलेला स्वतः जुळवून टाकला. प्रत्येक वेळी टेबलावर तपासला, प्रत्येक वेळी तो पास.

बायको म्हणाली, ‘बाजारात वायफायचं छोटं बटणाएवढं मिळतं म्हणे, बाहेरून खोचायचं. ते आणू या?’

‘म्हणजे मी हरलो असं लिहूनच दे ना!’

‘मग जुनी सिस्टिम परत टाका.’

यावर तो दोन दिवस बोलला नाही. अबोला धरायला त्याला अपडेट लागत नाही.

मी दुपारी सासूजवळ बसायला जायची. आम्ही दोघी जुन्या मैत्रिणी. तिला बोलता येईना, तेव्हा आमच्या दोघींच्या वाटची गॉसिप मी एकटीच करायची. ती खोली मला पाठ आहे. पलंगावर हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्या गादीचा पंप सतत घुरघुरत असायचा. खोलीत प्लग एकच, तो पंपाचा. एकदा एक्स्टेंशन बोर्डातून ठिणगी उडाली, तेव्हापासून ड्रायव्हरचा हुकूम होता की या खोलीत बोर्ड आणायचा नाही. म्हणून सून सकाळी हॉलमध्ये लॅपटॉप चार्ज करायची आणि वायर काढून इथे बॅटरीवर काम करायची. कान फोनला, एक हात सासूच्या हातात. उठून हॉलमध्ये बसावं तर म्हातारीला ठसका लागायचा.

कंपनीतली वरची बाई आधी गोड बोलली, मग कमी गोड, मग फक्त बोलली. ‘मॅडम, तुमचे फोन फार तुटतात. ग्राहकांना वाटतं, तुम्ही ठेवून देता.’

‘दुरुस्ती चालू आहे,’ ही म्हणायची.

शेवटचा फोन मी समोर बसून पाहिला. पलीकडे एक बाई नवऱ्याच्या अपघाताचं सांगत असावी, कारण ही नुसती ‘हो ताई, सावकाश सांगा ताई’ म्हणत होती. मग मध्येच फोन तुटला. ही हेडफोन काढून स्क्रीनकडे बघत राहिली. त्या ताईने तक्रार केली. म्हणे, मी रडत होते आणि तुमच्या बाईने फोन आपटला. संध्याकाळी काम गेलं.

नवरा घरी आला. ऐकून म्हणाला, ‘थोडी कळ काढली असतीस तर! आज रात्री नवा ड्रायव्हर टाकणारच होतो.’

पुढे थंडी सरता सरता सासूही गेली. माणसं येऊन गेली, गादीतली हवा काढून ती गुंडाळली गेली, पंपाचा प्लग मोकळा झाला. सून त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून नोकरीचे अर्ज भरायला लागली. आता चार्जर शेजारीच. वायफाय एकदाही तुटलं नाही.

एका रविवारी मी चहाला गेले तर ड्रायव्हर खुशीत. ‘मावशी, जिंकलो! शेवटचा ड्रायव्हर लागू पडला. आता बघा, दगडासारखं घट्ट.’

बायको उठली. आतून लॅपटॉप घेऊन आली, त्यावरून तिच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला, आणि चार्जर न लावता तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

‘अगं, वायर?’

‘राहू द्या. बोला दादाशी.’

मेहुणे पावसापाण्याचं बोलत होते. बोलता बोलता त्यांचं तोंड उघडंच थिजलं. फोन तुटला.

‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘काटा कुठे तपासायचा असतो हो?’ तिने विचारलं. आवाज अगदी साधा, चहात साखर किती विचारावी तसा.

मी चहाच्या कपात तोंड घातलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या मोकळ्या प्लगकडे पाहिलं. मग काळी खिडकी उघडली. बॅटरीवर असताना वीज वाचवायला लिनक्स वायफायच्या चिपला डुलकी घ्यायला सांगत होतं आणि ही चिप एकदा झोपली की उठायचं विसरत होती. ड्रायव्हर बिचारा आधीपासूनच ठीक होता. एक ओळ लिहायची होती, झोपू नकोस म्हणून. त्याने लिहिली. माझा चहा अजून गरम होता.

पुन्हा फोन लावला. मेहुणे बोलत राहिले, कंटाळा येईपर्यंत बोलत राहिले.

‘सापडलं!’ ड्रायव्हर उठून उभा राहिला. डोळे चमकत होते, लहान मुलासारखे. ‘मावशी, सापडलं! पॉवर सेव्हिंग! अगं, एवढंसं होतं! एवढंसं!’ बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून तो मला दाखवत होता, तिला दाखवत होता. बायकोचं काय गेलं, हे त्या आनंदात त्याच्या गावीही नव्हतं.

तिने ते पेर नीट पाहिलं.

‘छान झालं,’ ती म्हणाली. ‘आता चालतंय ना? मग सांगा, कुणाला फोन लावू?’

त्याने हात खाली घेतला. ती माझा रिकामा कप उचलून आत गेली. लॅपटॉपमधून मेहुणे विचारत होते, ‘हॅलो, आवाज येतोय का माझा? हॅलो?’ येत होता, अगदी स्वच्छ.