हळदीच्या पिशवीतलं पुस्तक

२३ फेब्रुवारी. दापोड्याला दिराच्या अंगणात बसून मी पिशव्या भरत होते. प्रत्येक पिशवीत स्टीलचा डबा, ब्लाउजपीस आणि माझं पुस्तक. संध्याकाळी पुतण्याची हळद होती. हळदीला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

पुस्तक मीच छापलं होतं. प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं, काहींनी तेवढंही केलं नाही, म्हणून भिवंडीत लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसला दिलं. गठ्ठे घरी आले तेव्हा मी काही दिवस ताठ मानेने शाळेच्या ऑफिसात गेले. तिथे मी क्लार्क आहे. मग गठ्ठे पलंगाखाली गेले आणि तिथेच राहिले. ओळखीच्यांनी प्रती घेतल्या, मुखपृष्ठ छान म्हटलं, आतल्या मजकुराबद्दल अवाक्षर नाही. कोणी वाईट म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायलाही कोणी नव्हतं. केर काढताना झाडू त्या गठ्ठ्यांना अडायचा आणि माझं डोकं फिरायचं. जे छापायला माझ्याशिवाय कोणी तयार नव्हतं, ते पुस्तक तरी म्हणावं का? दुसरं अर्धं लिहून झालं होतं, ते मी थांबवलं.

पिशव्यांत पुस्तक घालायची कल्पना माझ्या धाकट्या जावेची, म्हणजे दिराच्या बायकोची. घरात पडून राहण्यापेक्षा वाटून टाका, म्हणाली. दिराला विचारलं. फुकटच आहे ना, मग घाला, असं त्याने उघडूनही न बघता सांगितलं.

संध्याकाळी जेवणाआधी डीजे थांबला. जावेचा भाऊ, म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा, खुर्चीत बसून पुस्तक चाळत होता. अचानक तो मोठ्याने वाचायला लागला. मी प्रकरण ओळखलं. त्यातला माणूस बायकोला लूमच्या खोलीत नेतो, तिचं ओरडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कापड विणायचे सगळे लूम चालू करतो आणि पट्ट्याने मारतो. मारण्याआधी हातातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवतो. नाव मी कुठेच घातलं नव्हतं. पण माझा नवरा हयात होता तोवर आम्ही सगळे एकाच घरात राहायचो, आणि दिराचं ते घड्याळ अख्ख्या भावकीने पाहिलेलं होतं. मांडवातल्या माना जावेकडे वळल्या.

दिराने येऊन पुस्तक हिसकावलं. काही ओळी वाचल्या.

"वहिनी, ह्ये तुमी लिवलं?"

"हो."

त्याने ते माझ्या तोंडावर भिरकावलं. कोपरा भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात ओघळलं. लाथेने त्याने पिशव्यांची रास उधळली, हाताला येतील ती पुस्तकं उभी फाडली. मुलाचा मामा मध्ये आला, तर दिराने त्याच्या तोंडावर बुक्की घातली. मग तो वळला तो बायकोकडे. केसांना धरून तिला खांबापर्यंत ओढत नेलं आणि डोकं खांबावर आपटलं. मी एक भरलेली पिशवी उचलली आणि सगळा जोर लावून त्याच्या कानशिलावर हाणली. आतला डबा चेपला. तो गुडघ्यावर आला, उठला आणि माझा गळा धरला. मला दिसेनासं झालं होतं तेवढ्यात पुतण्याने, अंगभर हळद लागलेल्या त्या नवऱ्या मुलाने, बापाला मागून धरलं, गळ्याभोवती हात आवळला आणि आवळतच राहिला. बापाचे पाय मातीत घासायला लागले.

"सोड त्याला. मरेल," मी म्हटलं.

त्याने सोडलं. दीर मातीत बसून खोकत राहिला. त्याला उठवायला कोणी गेलं नाही.

जावेने ताटातली हळद घेऊन माझ्या भुवईवर दाबली. तिच्या स्वतःच्या कानातून रक्त येत होतं.

"ताई, एक चुकलाय तुमचं. तुमी पट्टा लिवलाय. पट्टा न्हवता, धोटा व्हता."

धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन पळणारा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड. पदर सरकवून तिने मानेवरची खूण दाखवली. मी विचारलं, वाचलं कधी? प्रत दिली त्याच आठवड्यात, म्हणाली. मग मला का नाही सांगितलंस?

"मी एकलीनं वाचून काय व्हनार व्हतं? सगल्यांनी वाचाया पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात भुवईला टाके घालून घेतले आणि प्रेसचं शटर उघडेपर्यंत बाहेर उभी राहिले. पट्ट्याच्या जागी धोटा करून घेतला, पुन्हा छापायला सांगितलं. घरी येऊन दुसऱ्या पुस्तकाचे कागद काढले. शेवटचं वाक्य अर्धवट होतं. ते पूर्ण केलं, त्याखाली आणखी एक पान लिहिलं आणि साडी बदलून पुतण्याच्या लग्नाला गेले.